छायाचित्रातले कोकरू आणि नोंदवहीतला चौदावा दिवस

पशुवैद्यकात डोळ्यांवरची भिस्त नेहमीच मोठी राहिली आहे, कारण जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही आणि मालक जे सांगतो ते बहुतेकदा दुखणे बरेच बळावल्यानंतरचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅमेरा प्रयोगशाळांत आणि शेतकी खात्यांत पोहोचला, तेव्हा गुरांचे रोग आणि जन्मजात व्यंगे टिपण्यासाठी त्याचा उपयोग झाला तो याच गरजेपोटी. तोंडातून लाळेच्या तारा सुटलेला बैल, खुरांच्या बेचक्यातली जखम, शवविच्छेदनात उघडलेले आतडे, एकाच धडाला दोन तोंडे असलेले वासरू अशी चित्रे पुढे अहवालांत आणि पाठ्यपुस्तकांत छापली जाऊ लागली. जत्रेतल्या तंबूत पैसे घेऊन दाखवल्या जाणाऱ्या विचित्र जनावराच्या चित्रापेक्षा ही चित्रे वेगळी असत; जनावर बरोबर बाजूने उभे केलेले, मागे मोकळी भिंत किंवा ताणलेले कापड, शेजारी मोजपट्टी आणि क्रमांकाची पाटी. यांतली पाटी ही सर्वांत महत्त्वाची वस्तू होती, कारण त्या क्रमांकाच्या आधारेच पाहणाऱ्याला चित्रावरून नोंदवहीकडे जाता येई. छायाचित्रात रोगाचे लक्षण दिसते, कारण दिसत नाही; कारण बहुधा दुसऱ्या जागी आणि आधीच्या एखाद्या दिवशी घडून गेलेले असते, आणि हे अंतर ओलांडले गेले की नाही यावरच अशा चित्राचे शास्त्रीय मोल ठरते.

तंत्राच्या मर्यादाही कमी नव्हत्या. त्या काळच्या काचपट्ट्यांवरचा चांदीच्या क्षारांचा लेप निळ्या-जांभळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, पण लाल प्रकाशाचा त्याच्यावर जवळजवळ परिणामच होत नसे, त्यामुळे लाल वस्तू छायाचित्रात काळी उमटत असे. हिरड्यांची लाली, डोळ्यांतले रक्त, सुजलेल्या आतड्याचा रंग ही पशुवैद्याच्या दृष्टीने पहिल्या प्रतीची लक्षणे असतात आणि नेमकी तीच या चित्रांत एकसारख्या काळोख्या डागांत हरवून जात. छायाचित्रणाचे तंत्र हाती असूनही पशुवैद्यकाच्या पुस्तकांत हाताने रंगवलेली आणि शिळाछापावर छापलेली चित्रे बराच काळ टिकून राहिली, ती यामुळे.

हीच मर्यादा एका माणसाने कौशल्याने आपल्या उपयोगाला लावली. आज पोलंडमध्ये असलेल्या आणि तेव्हा प्रशियात मोडणाऱ्या वोल्स्टाइन या लहान गावात रॉबर्ट कोख हा जिल्ह्याचा वैद्यकीय अधिकारी होता आणि त्या भागातल्या मेंढ्या व गुरे काळपुळीने मरत होती. काळपुळी, जिला महाराष्ट्रात फाशी असेही म्हणतात, हा जनावराला काही तासांत मारणारा रोग असून मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त वाहते. अशा रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे जंतू दिसतात हे फ्रान्समध्ये रायेर आणि दाव्हेन यांनी १८५० मध्येच नोंदवले होते, पण त्या काड्या म्हणजेच रोगाचे कारण असे मानायला बरेच जण तयार नव्हते. कोखने जंतू जनावराच्या शरीराबाहेर वाढवले, काड्यांचे लांब धागे आणि धाग्यांत चकाकणारे बीजाणू तयार होताना पाहिले, आणि उंदरातून उंदरात रोग संक्रमित करून हे जंतूच रोग घडवतात हे १८७६ मध्ये दाखवून दिले. बीजाणू म्हणजे जंतूचे कोरडेपणा व उष्णता सोसणारे, मातीत वर्षानुवर्षे तग धरणारे रूप. एकाच कुरणात दरवर्षी मेंढ्या का मरतात, याचे उत्तर या बीजाणूंत होते.

या १८७६ च्या निबंधातली चित्रे हाताने काढलेली होती. जंतूंची छायाचित्रे त्याने प्रसिद्ध केली ती पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये, ब्रेस्लाऊच्या फर्डिनांड कोन यांच्या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात. रक्ताचा किंवा द्रवाचा अगदी पातळ थर काचेवर पसरून वाळवायचा, ॲनिलीनच्या रंगाने तो रंगवायचा आणि सूर्यप्रकाश आरशाने सूक्ष्मदर्शकात वळवून काचपट्टीवर प्रतिमा घ्यायची, अशी ही पद्धत होती. छायाचित्रासाठी त्याने तपकिरी रंगाची शिफारस केली, कारण तपकिरी रंग निळा प्रकाश शोषून घेतो आणि निळ्याच प्रकाशाला संवेदनशील असलेल्या काचपट्टीवर जंतू त्यामुळे ठसठशीत काळा उमटतो. प्रत्येक संशोधक आपल्या समजुतीप्रमाणे जंतू चितारतो आणि वाचकाला ते पडताळता येत नाही, ही त्याची चित्रकलेविषयीची मुख्य तक्रार होती आणि ती रास्त होती. तरीही क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कार्यकारणभाव सिद्ध झाला तो प्रयोगाने आणि त्याच्या नोंदींनी. छायाचित्राने नंतर येऊन जंतू कसा दिसतो हे इतरांना पडताळण्याजोगे केले.

जिथे सूक्ष्मदर्शकाला काही दिसतच नव्हते तिथे कॅमेऱ्याची अडचण अधिक गंभीर होती, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बुळकांडी. ताप, डोळ्यांतून व नाकातून स्राव, हिरड्यांवर व ओठांच्या आत कोंडा चिकटल्यासारखे चट्टे, आणि अखेरीस जनावराचे सारे पाणी काढून घेणारी हगवण, असा या रोगाचा क्रम असे. १८८० च्या दशकाच्या शेवटी तो आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शिरला आणि १८९६ पर्यंत झांबेझी नदी ओलांडून दक्षिणेकडे पोहोचला. त्या वर्षीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या छायाचित्रांत माळावर मेलेल्या गुरांचा सडा दिसतो. संहाराचा आवाका सांगण्याचे काम ही चित्रे कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक करतात, मात्र गुरे कशाने मेली याविषयी ती काहीही सांगू शकत नाहीत. दुष्काळात मेलेली गुरेही छायाचित्रात अशीच दिसली असती.

या प्रकरणाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होते. दाट वस्तीत सांसर्गिक रोगांचे जंतू हाताळणे धोक्याचे असल्यामुळे १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरांतल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ ते हेच. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बुळकांडीवर काम करून कोख १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आला आणि त्याच वर्षी त्याने मुक्तेश्वरलाही भेट दिली. काळपुळीचा जंतू काचेवर पकडणाऱ्या या माणसाला बुळकांडीचा जंतू मात्र सापडला नाही, कारण तो जंतू नव्हताच. १९०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला निकोल आणि आदिल बे यांनी हा रोग जंतूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतो हे दाखवले, म्हणजेच त्याचे कारण साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा विषाणू होते. पुढे मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बकऱ्यांमधून वाढवून विषाणू सौम्य केला, केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींमध्ये वाढवलेली लस तयार केली, भारतातला शेवटचा प्रादुर्भाव १९९५ मध्ये नोंदला गेला आणि २०११ मध्ये जग या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवी रोगानंतर संपूर्ण निर्मूलन झालेला हा दुसराच रोग. आज महाराष्ट्रातल्या तरुण पशुवैद्याने बुळकांडीचे जनावर पाहिलेले नाही आणि ते त्याला कधी पाहायला मिळूही नये. हा रोग ओळखायला तो शिकतो तो जुन्या छायाचित्रांवरूनच. रोगच नाहीसा झाल्यावर त्याच्या चित्रांचे मोल असे वाढते.

छायाचित्र माणसाला चुकीच्या दिशेनेही नेते, आणि याचे बोलके उदाहरण १९४० व १९५० च्या दशकांतल्या अमेरिकी हेरफर्ड गुरांचे आहे. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या या जातीत त्या काळी आखूड पायांचे, ठेंगणे आणि भरदार जनावर उत्तम समजले जाई. बक्षीसपात्र वळूचे छायाचित्र घेताना त्याला पेंढ्याच्या जाड थरात उभे करत, म्हणजे पाय आणखी आखूड दिसत, आणि अशी चित्रे पाहून पैदासकार पुढची निवड करत. याच कळपांत फुगीर कपाळाची, पुढे आलेल्या खालच्या जबड्याची, पोट सुटलेली आणि घोरल्यासारखा श्वास घेणारी खुजी वासरे जन्मू लागली. ती बहुधा लवकर मरत. हा दोष अप्रभावी जनुकाचा होता. अप्रभावी जनुक म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून आला तरच प्रकट होणारा. तो एकाच पालकाकडून आला तर जनावर वरवर निरोगी राहते, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकते. अशा वाहक जनावरांत किंचित ठेंगणेपणा येत असावा आणि छायाचित्रांच्या आधाराने पैदासकार नकळत त्यांचीच निवड करत असावेत, असे संशोधकांच्या लक्षात आले.

वाहक ओळखण्यासाठी पुन्हा चित्राचाच आधार शोधला गेला, हे त्या काळच्या दृष्टीला धरूनच होते. कॅलिफोर्नियात जनावराच्या कपाळाची बाह्यरेषा कागदावर उतरवणारे उपकरण वापरून पाहिले, इतरत्र नुकत्याच जन्मलेल्या वासरांच्या कण्याची क्ष-किरण चित्रे काढली आणि मणक्यांच्या आकारावरून वाहक ओळखता येईल अशी आशा काही वर्षे बाळगली गेली. यांतले काहीच पुरेसे भरवशाचे ठरले नाही. उपयोगी पडल्या त्या वंशावळी आणि संततीची चाचणी. दोषाच्या वाहक असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या गायींशी वळूचा संयोग घडवायचा; वाहक वळूची ओळीने सोळा वासरे निरोगी निघण्याची शक्यता शंभरात एकाइतकीच असते, कारण वाहक वळूपासून अशा गायीला दर वेळी निरोगी वासरू होण्याची शक्यता पाऊणच असते. साध्या गणिताने जे साधले ते चित्राने साधले नाही.

याउलट, छायाचित्र आणि नोंद यांची सांगड किती दूरवर नेऊ शकते हे दाखवणारी घटना १९५० च्या दशकात अमेरिकेच्या आयडाहो राज्यात घडली. तिथल्या डोंगराळ चराईवरून उतरलेल्या कळपांत दरवर्षी काही कोकरे भयानक व्यंग घेऊन जन्माला येत होती. कृषी खात्याच्या युटामधल्या लोगन येथील विषारी वनस्पतींच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत असे कोकरू समोरून आणि बाजूने दिसते. कपाळाखाली मधोमध एकच डोळा, कधी एकाच खोबणीत चिकटलेली दोन बुबुळे. नाकाच्या जागी काही नाही, क्वचित डोळ्याच्या वर सोंडेसारखी मांसल नळी. वरचा जबडा वाढलेलाच नसल्यामुळे खालचा जबडा वर वळलेला. अंगावरची लोकर आणि पाय मात्र बहुधा कोणत्याही निरोगी कोकरासारखे असतात. व्यंग चेहऱ्यापुरते आणि मध्यरेषेपुरते आहे, हा या चित्रांतला खरा सुगावा होता, पण तो वाचता येण्यासाठी आणखी चार दशके जावी लागली.

मेंढीमालकांचा पहिला संशय रक्तावर होता. दोष आनुवंशिक ठरला तर कळपाची पत जाते आणि एडके विकले जात नाहीत, त्यामुळे अशा कोकरांविषयी उघडपणे बोलणे टाळले जाणे साहजिक होते. लोगनचे पशुवैद्य वेन बिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी आधी आनुवंशिकतेचा प्रश्न पैदाशीच्या प्रयोगांनी निकालात काढला आणि मग कळपांबरोबर डोंगरावर राहून मेंढ्या काय खातात याची पाहणी केली. ओलसर डोंगरी कुरणांत वाढणारी, मक्यासारख्या रुंद शिरांच्या पानांची व्हेराट्रम कॅलिफॉर्निकम ही वनस्पती संशयित ठरली. ती गाभण मेंढ्यांना मोजून खाऊ घालण्यात आली आणि प्रयोगशाळेतही तशीच एकाक्ष कोकरे जन्मली. व्यंगाचे वर्णन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले, वनस्पतीचा दोष १९६० च्या दशकाच्या आरंभी निश्चित झाला.

यानंतरचा शोध या सगळ्या प्रकरणात सर्वांत मौल्यवान आहे. मेंढी कोणत्या दिवशी फळली याची अचूक नोंद ठेवून गाभणकाळाच्या ठरावीक दिवशीच वनस्पती चारली, तेव्हा एकाक्ष कोकरू होण्यासाठी ती चौदाव्या दिवशी पोटात जाणे पुरेसे आणि आवश्यक आहे असे आढळले. त्या दिवशी गर्भात मेंदूचा आणि चेहऱ्याचा पहिला आराखडा घडत असतो आणि गर्भ अजून गर्भाशयाला नीट चिकटलेलाही नसतो. गाभणकाळाचा महिना पूर्ण होण्याच्या सुमारास तीच वनस्पती खाल्ली तर चेहरा ठीक राहतो, पण पायांची हाडे आखूड होतात किंवा श्वासनलिका चपटी होते. मेंढी स्वतः फारशी आजारी दिसत नाही. तिचा गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा, म्हणजे कोकरू कॅमेऱ्यासमोर येते तेव्हा त्याच्या व्यंगाचे कारण घडून साडेचार महिने उलटलेले असतात आणि कळप त्या कुरणापासून कितीतरी दूर गेलेला असतो. कधी कधी तर दिवस भरूनही मेंढी विण्याचे नाव घेत नसे, कारण प्रसूती सुरू होण्यासाठी गर्भाच्या पोषग्रंथीकडून, म्हणजे मेंदूच्या तळाशी असणाऱ्या ग्रंथीकडून, जो इशारा यावा लागतो तो ती ग्रंथीच नसल्यामुळे येत नसे. गर्भ पोटात वाढत राही आणि मेंढी दगावे. चौदावा दिवस सापडला म्हणून उपायही सोपा निघाला. एडके कळपात सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे मेंढ्या त्या कुरणांपासून दूर ठेवायच्या, किंवा कडक थंडीने झाडे करपल्यावरच त्यांना तिथे न्यायचे.

लोगनचेच रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कीलर यांनी वनस्पतीतला दोषी अल्कलॉइड वेगळा काढला आणि ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसांवरून त्याला सायक्लोपामीन हे नाव मिळाले. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, नायट्रोजन असलेले आणि अल्प मात्रेतही प्राण्यांवर परिणाम करणारे संयुग. त्यानंतर हे प्रकरण विषारी वनस्पतींच्या पुस्तकांत दीर्घकाळ पडून राहिले. १९९६ मध्ये सॉनिक हेजहॉग नावाचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे गर्भ एकाक्ष असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि हे चित्र आयडाहोच्या कोकरांच्या चित्राशी इतके जुळत होते की दोन्हींमागे एकच यंत्रणा असावी ही कल्पना पुढे येणे स्वाभाविक होते. हे जनुक गर्भातल्या पेशींना मध्यरेषा कुठे आहे हे सांगणारा रासायनिक संदेश तयार करते. तो संदेश न मिळाल्यास गर्भातले डोळ्यांचे एकच मूळ क्षेत्र उजव्या-डाव्या अशा दोन भागांत विभागले जात नाही. सायक्लोपामीन हाच संदेश पेशीच्या आत अडवते हे १९९८ मध्ये दाखवले गेले. प्रौढ माणसाच्या त्वचेच्या एका सामान्य कर्करोगात हीच यंत्रणा नको तेव्हा चालू राहते, म्हणून तिला अडवणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला आणि व्हिस्मोडेजिब हे असे पहिले औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाले. गर्भातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते असा ठळक इशारा त्या औषधावर छापलेला असतो.

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर दोन तोंडांच्या किंवा पाच पायांच्या वासराचे छायाचित्र अधूनमधून छापून येते, लोक दर्शनाला येतात, हळदकुंकू वाहिले जाते आणि वासरू मेल्यावर पुरले जाते. त्या चित्रासोबत गाय कधी फळली, कोणत्या वळूपासून फळली, पहिल्या दोन महिन्यांत तिने कुठे चरले यांपैकी काहीही छापलेले नसते, आणि ही हानी मोठी आहे, कारण यांतले बरेच आज कळण्याजोगे असते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या बाएफसारख्या संस्थांनी आणि शासकीय दवाखान्यांनी कृत्रिम रेतन दारापर्यंत पोहोचवले आहे. रेतन करताना तारीख आणि वळूचा क्रमांक लिहिला जातो, गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. आयडाहोत मेंढ्यांच्या बाबतीत जो दिवस मुद्दाम प्रयोग करून मिळवावा लागला, तो इथे रेतनाच्या नोंदीतून आयता मोजता येतो. डेन्मार्कमध्ये २००० च्या सुमारास आखूड मानेची आणि आखडलेल्या पायांची होल्स्टीन वासरे जन्मू लागली, तेव्हा अशाच पैदास-नोंदींवरून माग काढत संशोधक कार्लिन-एम आयव्हनहो बेल या एकाच अमेरिकी वळूपर्यंत पोहोचले, ज्याच्या गोठीत रेतमात्रा अनेक देशांत वापरल्या गेल्या होत्या. पांढऱ्या पेशींची रोगाशी लढण्याची क्षमता नाहीशी करणारा आणखी एक आनुवंशिक दोषही याच वळूच्या वंशातून पसरला, आणि भारतातल्या रेतन केंद्रांत होल्स्टीन वळू दाखल करून घेण्यापूर्वी त्या दोषासाठी त्याची जनुकीय तपासणी करावी लागते.